विद्यमान प्रती की उपलब्ध प्रती?

पोथीवाला
जुन्या हस्तलिखितांवरच्या एका लेखात 'या ग्रंथाच्या विद्यमान प्रती' असं वाचलं. कानाला खटकतंय. विद्यमान म्हटलं की आमदारच आठवतो. आजवर टिकून राहिलेल्या वस्तूंसाठी नेमका शब्द कोणता? 'हयात' चालेल?

काना_मात्रा
'हयात' नको. तो माणसांपुरताच उरलाय. हयातीचा दाखला पेन्शनरचा असतो, पोथीचा नव्हे.
'विद्यमान' व्याकरणाने बरोबर आहे. संस्कृत 'विद्यते' म्हणजे 'आहे', त्यावरून विद्यमान म्हणजे 'असलेला'. पण मराठीत तो 'माजी'च्या विरुद्ध रुळला: विद्यमान अध्यक्ष, विद्यमान आमदार. त्यामुळे 'विद्यमान प्रत' वाचताना 'मग माजी प्रत कुठली?' असं वाटतं. पोथ्यांसाठी रूढ शब्द 'उपलब्ध'. उदा. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज उपलब्ध नाही.

तळटीप
'उपलब्ध'लाही एक मेख आहे. त्यात 'मिळण्याजोगं' हा अर्थ येतो. खासगी संग्रहात कुलपात पडलेली प्रत अस्तित्वात असते, अभ्यासकाला उपलब्ध नसते. सूची करताना म्हणून 'ज्ञात प्रती' लिहावं आणि पाहता येतात त्यांनाच 'उपलब्ध' म्हणावं. ग्रंथाचा काही भागच उरला असेल तर 'अवशिष्ट भाग'.
आणि उपलब्ध काय आहे तेही नीट सांगा. गुणाढ्याचा पैशाची या प्राकृत भाषेतला कथासंग्रह, बृहत्कथा, नष्ट झाला. अकराव्या शतकातला कथासरित्सागर हे तिचं संस्कृत रूपांतर. त्याला 'बृहत्कथेची उपलब्ध प्रत' म्हणणं साफ चूक.

पोथीवाला
आणि वास्तू, प्रथा, प्राणी?

काना_मात्रा
तिथे विशेषणाच्या मागे लागूच नका, क्रियापदावर काम भागतं. वाडा आजही उभा आहे. ताम्रपट शाबूत आहे. प्रथा चालू आहे. कायदा अमलात आहे. हत्तींच्या आज तीनच जाती उरल्या आहेत, मॅमथ नामशेष झाला. 'विद्यमान वाडा' सरकारी टिपणीत शोभेल, बाकी कुठे नाही.

शुद्धलेखन_पोलीस
'विद्यमान असलेल्या प्रती' तर अजिबात नको, 'असलेला' त्या शब्दातच आहे. 'सध्याचे विद्यमान अध्यक्ष' हीही तसलीच द्विरुक्ती. 'संयुक्त विद्यमाने' मात्र यात ओढू नका. निमंत्रणपत्रिकेत त्याचा अर्थ 'दोघांनी मिळून' एवढाच.
मूळ वाक्य असं करा: 'या ग्रंथाच्या तीन प्रती आज उपलब्ध आहेत, पैकी एक अपुरी.' आकडा अर्थातच तुमच्या लेखातला घाला.