मोठ्या गृहप्रकल्पांवरील हरकती-सूचना: ऐकायच्या कधी आणि कोणाच्या?

रहिवासी

आमच्या वस्तीलगत एका बंद कारखान्याची मोठी जागा आहे. तिच्या एका भागावर विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण होते. ते आरक्षण दुसरीकडे हलवण्याचा फेरबदल आता प्रस्तावित झाला असून, त्यानंतर तेथे 22 मजली इमारतींचा गृहप्रकल्प उभा राहणार आहे. वस्तीत यावरून दोन तट पडले आहेत. मी प्रकल्पाच्या सरसकट विरोधात नाही. मात्र ज्या रीतीने आमचे म्हणणे ‘ऐकले’ गेले, तिला लोकसहभाग म्हणणे मला मान्य नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार अशा फेरबदलावर हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. त्याप्रमाणे नोटीस निघाली. तिच्यात सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक आणि चतुःसीमा होत्या, पण त्या जागेवर किती घरे होणार, किती मजले चढणार, पाणी कोणत्या जलवाहिनीतून येणार आणि सांडपाणी कोठे जाणार याविषयी एक शब्दही नव्हता. ज्यांना ती नोटीस वाचून काही अर्थबोध झाला, त्यांनी अर्ज दिले. सुनावणीत नाव पुकारले गेले, अर्जाचा क्रमांक तपासला गेला, दोन-तीन मिनिटे बोलू दिले आणि ‘नोंद घेतली’ असे सांगून पुढचे नाव पुकारले. कोणती हरकत का फेटाळली, हे आजवर कोणालाही कळवलेले नाही.

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, तेव्हा तेथे तरी बोलता येईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना मंजुरी सक्तीची केली असली, तरी त्याच अधिसूचनेने बांधकाम प्रकल्प आणि नगरवसाहती यांना जनसुनावणीतून वगळले आहे. खाणीसाठी जनसुनावणी होते, सिमेंटच्या कारखान्यासाठी होते. काही हजार माणसे एका अरुंद रस्त्यावर आणून सोडणाऱ्या गृहसंकुलासाठी मात्र ती होत नाही. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याने 2016 मध्ये प्रकल्पाचा मंजूर आराखडा बदलायचा असेल तर दोन-तृतीयांश घरखरेदीदारांची संमती आवश्यक केली, हे चांगलेच झाले. पण ज्यांच्या ड्रेनेजवर आणि रस्त्यावर तो बदल येऊन पडतो, त्यांना साधी सूचना देण्याचेही बंधन त्यात नाही.

माझी मागणी अशी आहे की, 20,000 चौरस मीटरवरील प्रत्येक गृहप्रकल्पासाठी बांधकाम परवानगीपूर्वी जनसुनावणी व्हावी, आणि प्रत्येक हरकतीवरील निर्णय कारणांसह लेखी दिला जावा.

भाडेकरू

आपण वर्णन केलेली सुनावणी निरर्थक होती, याविषयी दुमत नाही. परंतु तिच्यावरील उपाय म्हणून प्रत्येक प्रकल्पाला आणखी एक सुनावणी जोडणे मला अन्यायकारक वाटते, कारण त्या सभागृहात कोण बसलेले असते हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही. तेथे ज्यांचे घर आधीच झालेले आहे तेच असतात. उद्या त्या इमारतींत राहायला येणारी माणसे आज शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहतात, दर अकरा महिन्यांनी करार नव्याने करतात आणि त्यांना आपण कोणत्या वस्तीत राहणार आहोत हेच ठाऊक नसते. ती हरकत किंवा पाठिंबा नोंदवायला येणार कशी?

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नगरांच्या नियोजन मंडळांची इतिवृत्ते तपासली, तेव्हा बोलणाऱ्यांत वयाने मोठे, दीर्घकाळचे रहिवासी आणि घरमालक यांचे प्रमाण एकूण मतदारांतील त्यांच्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त आढळले. नव्या घरांना पाठिंबा देणारे जेमतेम 15 टक्के होते. सभागृहातील बहुमत आणि नगराचे बहुमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरे असे की, आज हरकत घेणाऱ्या वस्त्याही एके काळी कोणाची तरी शेतजमीन बिगरशेती करूनच उभ्या राहिल्या आहेत. घरे अडवली म्हणून माणसे शहरात यायची थांबत नाहीत. ती हद्दीबाहेर जातात आणि गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे घेऊन घर बांधतात. तेथे ड्रेनेज नसते, रस्ता नसतो आणि हरकत घ्यायला नोटीसही निघत नाही. राज्याला 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, याचे एक कारण नियमातील घर परवडण्याजोगे नव्हते हेही आहे. आपल्या वस्तीतील वाहतूक वाचली, तरी तीच माणसे रोज दोन तास प्रवास करून त्याच रस्त्याने कामाला येणार आहेत.

रहिवासी

भाडेकरू यांनी बाहेर राहिलेल्या माणसांचा मुद्दा मांडला, तो मला महत्त्वाचा वाटतो. पण समोरचा प्रकल्प त्या माणसांसाठी आहे, हे त्यांनी गृहीत धरले आहे. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने 2012 मध्ये शहरी भागातील घरांची तूट 1 कोटी 87 लाख 80 हजार इतकी काढली होती आणि त्यातील 95 टक्क्यांहून अधिक तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील होती. त्याच सुमारास, 2011 च्या जनगणनेत, देशाच्या शहरी भागात 1 कोटी 10 लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. मोठी घरे बांधत राहिल्याने लहान घरांची तूट आपोआप भरून निघते, असे या आकड्यांवरून दिसत नाही. मोठ्या शहरांत 4,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर 20 टक्के बांधकाम लहान सदनिकांसाठी ठेवण्याचा नियम आहे. ती घरे नेमकी कोठे होणार, हे आम्हाला त्या नोटिशीतून कळले असते, तर आमच्यातील निम्म्या लोकांचा सूर बदलला असता, असे मला मनापासून वाटते.

भाडेकरू

मला तसे वाटत नाही. मी बसलो होतो त्या एका सभेत पाणी आणि पार्किंग यांवर अर्धा तास चर्चा झाली आणि मग एक गृहस्थ उठून म्हणाले की, त्या 20 टक्के घरांना निदान वेगळे प्रवेशद्वार द्या आणि मुख्य रस्त्याच्या बाजूला ते नको. त्यावर कोणीही आक्षेप घेतला नाही. दोघा-तिघांनी तर मान डोलावली. पाण्याचा प्रश्न खरा असतो, हे मी नाकारत नाही. पण तो प्रश्न जलवाहिनीच्या क्षमतेचा आहे. तो अभियंत्याने आकडे मांडून सोडवायचा असतो, हात वर करून नव्हे.

नगररचनेत काम केलेला

दोघांचेही म्हणणे वाचले. माझ्या मते दोघेही चुकीच्या टप्प्यावर भांडत आहेत. एखाद्या भूखंडावर किती बांधायचे याचा निर्णय परवानगीच्या वेळी होतच नाही. तो विकास आराखडा आणि बांधकामाची नियंत्रण नियमावली ठरते तेव्हाच झालेला असतो. राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत रस्त्याच्या रुंदीनुसार प्रिमियमचे (म्हणजे शुल्क भरून मिळणारे जादा) चटई क्षेत्र आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क) मिळतो. म्हणजे आराखड्यात रस्ता रुंद दाखवला गेला त्याच दिवशी आपल्या शेजारच्या इमारतीची उंची वाढलेली असते, आणि त्या दिवशी हरकत घ्यायला सहसा कोणी आलेले नसते.

त्या टप्प्यावर लोक आले, तर काय होते याचे उदाहरण मुंबईत आहे. 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर 60,000 हून अधिक हरकती-सूचना आल्या, आणि आराखड्यातील ढोबळ चुकांमुळे एप्रिलमध्ये तो बाजूला ठेवून नव्याने करण्याचा आदेश राज्य सरकारला द्यावा लागला. सुधारित प्रारूप 2016 मध्ये आले आणि मंजुरी 2018 मध्ये मिळाली. तीन वर्षे गेली, हे खरे. पण त्या हरकतींनी संपूर्ण आराखडा हलवला. न्यूझीलंडमधील ऑकलंडने नेमके याच टप्प्यावर स्वतंत्र मंडळापुढे सुनावण्या घेतल्या, 2016 च्या आराखड्यात निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर अधिक दाट बांधकामाला मुभा दिली आणि त्यानंतर तेथील घरबांधणी लक्षणीय वाढली. नियम एकदा सर्वांसमक्ष ठरला की, प्रत्येक इमारतीसाठी नव्याने वाद घालावा लागत नाही.

आराखड्याच्या वेळी लोक येत नाहीत, याला आमचे खातेही जबाबदार आहे. रंगवलेल्या नकाशावरून सामान्य माणसाला आपल्या खिडकीसमोर काय उभे राहणार हे कळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये नियोजित इमारतीच्या कोपऱ्यांवर तिच्या उंचीइतके खांब परवानगीपूर्वीच उभे करतात, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही नव्या इमारतीचा आकार डोळ्यांनी दिसतो. 22 मजल्यांचे खांब उभारणे अवघड असेल, तर प्रत्येक रस्त्यावर पाटी लावून त्या रस्त्याला आराखड्याने कमाल किती मजले दिले आहेत, एवढे साध्या मराठीत लिहिणे अवघड नाही. भाषेचा मुद्दा किरकोळ समजू नये. 2020 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या मसुद्यावर सूचना मागवल्या गेल्या, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत प्रसिद्ध करावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले होते.

रहिवासी

आराखड्याच्या टप्प्यावरच सर्व ठरवावे, हे मला पटले असते, जर तो आराखडा ठरल्याप्रमाणे राहिला असता. आमच्या मैदानाचे आरक्षण आराखड्यातच होते आणि ते तेथे असावे यासाठी वस्तीतील लोकांनी त्या वेळी अर्जही केले होते. कलम 37 चा फेरबदल आराखड्याचे स्वरूप बदलणारा नसावा, असे कायदा सांगतो. प्रत्येक फेरबदल एकेकटा पाहिला की, तो किरकोळच वाटतो. दहा वर्षांत असे अनेक फेरबदल झाल्यावर त्या प्रभागात किती मोकळी जागा उरली, याची बेरीज कोणत्याही नोटिशीत नसते. तेव्हा माझी मागणी मी अशी मांडतो: नियमात बसणाऱ्या प्रकल्पासाठी वेगळी सुनावणी नसली तरी चालेल, पण आराखड्यापासून फारकत घेणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत त्या प्रभागातील आधीच्या सर्व फेरबदलांची यादी, नव्या घरांची संख्या आणि पाण्याचा हिशेब जाहीर व्हावा, आणि सुनावणीनंतरचा निर्णय कारणांसह लिहून मिळावा.

भाडेकरू

फेरबदलांपुरती ही मागणी मर्यादित असेल, तर माझा विरोध बराच कमी होतो, मात्र दोन गोष्टींवर मी ठाम आहे. निर्णयाला ठरावीक मुदत असली पाहिजे, कारण रेंगाळलेल्या प्रत्येक महिन्याचे व्याज शेवटी घर घेणाऱ्याच्या हप्त्यात येते. आणि किती हरकती आल्या यावर निर्णय होता कामा नये, कोणत्या कारणाने आल्या यावर व्हावा. मैदान जाते ही हरकत एकाच माणसाने घेतली तरी ती ऐकली पाहिजे, आणि लहान घरांतील माणसे शेजारी नकोत ही हरकत पाचशे जणांनी घेतली तरी ती फेटाळली पाहिजे.

रहिवासी

दुसरी अट मला जशीच्या तशी मान्य आहे. पहिलीबाबत माझे म्हणणे एवढेच की, मुदत महापालिकेने पूर्ण माहिती जाहीर केल्याच्या दिवसापासून मोजली जावी, नोटिशीच्या तारखेपासून नव्हे.