पॅलिएटिव्ह केअरमधल्या ओटींनी पुढचं शिक्षण कुठे घ्यायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, पेशंटला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते. सांगली जिल्ह्यात, ८ वर्षं झाली काम करतेय. आधी सगळे पॅरालिसिसचे पेशंट आणि लहान मुलं. दीड वर्षापासून एका संस्थेबरोबर कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटकडे घरी जाते, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करायचं काम. कॉलेजात या विषयावर एकच लेक्चर झालं होतं, तेही परीक्षेच्या तोंडावर.

मागच्या महिन्यात एका आजींकडे गेले, ब्रेस्ट कॅन्सर, फुप्फुसात पसरलेला. मी सवयीने खांद्याचे व्यायाम सुरू केले. दोनदा हात वर केला आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, बाई, हात वर नेऊन मी आता काय करू, मला उंबऱ्यात बसून तुळशीकडे बघायचंय. खाटेपासून उंबरा १२ पावलं. पण ४ पावलांतच त्यांना धाप लागायची आणि त्यांना तिथे कसं न्यायचं हे मला सुचेना. पुढच्या व्हिजिटच्या आतच त्या गेल्या. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

कौन्सिलकडच्या नोंदणीच्या रिन्यूअलला शिक्षणाचे पॉइंट लागतात ते कुठल्याही वर्कशॉपला जाऊन मिळतील, मला पॉइंट नकोत, हे काम शिकायचंय. कुणी कोर्स केलाय का?

पुण्याची_ओटी
ताई, वाचून गलबलून आलं. पहिली दोन वर्षं मीही अशीच चाचपडत होते.

कोर्सचं सांगते. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स आहे, पण तो मुख्यतः डॉक्टर आणि नर्स डोळ्यांसमोर ठेवून बांधलेला आहे, तेव्हा फी भरायच्या आधी ओटीला घेतात का हे विचारून घ्या. तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया, डॉ. राजगोपाल यांनी २००३ मध्ये सुरू केलेली, त्यांचे ऑनलाइन वर्ग असतात. एक छोटं लेक्चर आणि मग कुणीतरी आपला खरा पेशंट मांडतं, सगळे मिळून बोलतात. मला लेक्चरपेक्षा त्या चर्चेतून जास्त मिळालं. तुम्ही या आजींचीच केस मांडा.

पण खरं शिक्षण वॉर्डात बसूनच होतं, माझं स्पष्ट मत. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं केंद्र आहे, १९९७ पासून, तिथे पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं आणि पैसे घेत नाहीत. बघायला येऊ का असं विचारून बघा. नातेवाईक काय बोलतात, नर्स कूस कशी बदलते, डॉक्टर गप्प कधी बसतात, हे नुसतं बघायचं.

आता धापेचं. न्यायचंच असेल तर १२ पावलं सलग चालवायची नाहीत. वाटेत दोन खुर्च्या ठेवायच्या, बसलं की कोपरं मांडीवर टेकवून थोडं पुढे वाकायचं, ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा. हातातला छोटा बॅटरीचा पंखा तोंडापासून वीतभर लांब धरायचा, गालांवर आणि नाकाशी वारा लागला की धाप लागल्याची भावना कमी होते, हा नुसता दिलासा नाही, यावर अभ्यास झालेले आहेत. आणि त्या दिवशी आंघोळ नाही. जीव कशावर खर्च करायचा हे पेशंटला ठरवू द्यायचं, आंघोळ की तुळस. आजींनी तुळस निवडली असती. आणि चालणं जमतच नसेल तर चाकाची खुर्ची, तीही नसेल तर खाटच दाराशी सरकवायची, किंवा कुंडी आत आणायची.

रात्रपाळी
मी होम केअरची नर्स, मुंबई. दोन गोष्टी सांगते ओटी लोकांसाठी, कारण यावरून आमची वादावादी झालेली आहे.

एक, उठवायच्या आधी कॅन्सर हाडात पसरलाय का ते फाइल उघडून बघा नाहीतर आम्हाला विचारा. मणक्यात असेल आणि पाय अचानक लुळे वाटले, लघवी अडकली, तर व्यायाम लगेच थांबवून त्याच क्षणी डॉक्टरांना फोन, उद्यावर ढकलायचं नाही. दोन, तोंडाने घ्यायच्या साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर यायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेव्हा तुमची वेळ त्याप्रमाणे ठरवा. दुखत असताना उठवलेला पेशंट परत उठायला तयार होत नाही.

बांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ चं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण. आणि ओटीची शाळा कमला निंबकरांनी केईएममध्ये १९५० ला काढलेली. दोन्ही आपल्याच मुंबईत, आणि तरी आजही ओटीच्या मुलींना यासाठी इकडेतिकडे विचारत फिरावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं.

लंडनहून_मी
मी मूळची कोल्हापूरची, इथे हॉस्पिसमध्ये ओटी. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ ला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं ते याच शहरात. त्या स्वतः आधी नर्स, मग सोशल वर्कर आणि मग डॉक्टर झाल्या, कदाचित म्हणूनच इथे टीममध्ये ओटी असणं कुणाला वेगळं वाटत नाही.

इथे पॉइंट नसतात. एचसीपीसी, म्हणजे आमची नोंदणी ठेवणारी इथली संस्था, तिच्याकडे दर २ वर्षांनी रिन्यूअल, त्या वेळी २.५ टक्के लोकांना निवडतात आणि काय शिकलात, त्याने पेशंटला काय फायदा झाला ते लिहून मागतात. तासांचा आकडा ठरलेला नाही. त्यामुळे मी वहीच ठेवलीय, प्रत्येक व्हिजिटनंतर चार ओळी. ताई, तुम्ही आजींबद्दल वर जे लिहिलंय ना, तेच तुमचं पहिलं पान समजा. पेशंट गेल्यावर टीममध्ये बसून बोलणं हेही इथे शिक्षणात धरतात, तुमच्याकडे तसं होत नसेल तर रात्रपाळीताईंसारख्या कुणाला तरी फोन करत जा, एकटीने मनात ठेवू नका.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. वारज्याला उद्याच फोन करते. पॅलियमच्या वर्गाचंही बघते, आजींची केस मांडायची हिंमत होईल असं वाटतंय आता.

आणि एक, गुरुवारी एका काकांकडे जायचंय, शिंपी होते, हातात ताकद नाही पण नातीच्या झबल्याला बटणं लावायची म्हणतायत. सुई धरता येत नाही. जाड मुठीची सुई घरच्या घरी कशी करायची, कुणी केलीय का?

पुण्याची_ओटी
मोठ्या डोळ्याची गोधडीची सुई घ्या, पण सुईला जाड मूठ करू नका, ती बटणाच्या भोकातून पलीकडे जाणार नाही. त्याऐवजी काकांच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला कापडी चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे सुई निसटत नाही. दोरा तुम्ही ओवून ठेवा. झबलं मांडीवरच्या उशीवर टाचण्यांनी पक्कं करा म्हणजे डावा हात मोकळा राहतो. बटण मोठं निवडा, चार भोकांचं नको, दोन भोकांचं. शुक्रवारी सांगा काय झालं ते.