शब्दचर्चा : माळरान, गायरान, कुरण, पडीक

प्रश्न

आमच्या गावची लोकजैवविविधता नोंदवही लिहायला घेतली आहे. गाव माण तालुक्यातलं. पूर्वेच्या मोठ्या माळाला कुणी माळरान म्हणतं, कुणी गायरान, कुणी पडीक. जुन्या कागदांत 'गवत पड' असंही सापडलं. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे धरायचे का? वहीत कोणता लिहू?

प्रतिसाद १

एकाच अर्थाचे धरू नका. जमीन कशी आहे ते 'माळरान' या शब्दातून कळतं : उघडी, मुरमाड, मातीचा थर पातळ, गवत भरपूर आणि झाड विरळ. 'गायरान' म्हटलं की गावच्या गुरांसाठी ठेवलेली सरकारी जमीन. 'कुरण' म्हणजे गवतासाठी राखलेली जागा. ती खासगी असेल नाहीतर वनखात्याची.

'पडीक' मात्र शेतसाऱ्याच्या हिशेबातला शब्द. पेरलं नाही ते पड. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या मोबाइलवरच्या सरकारी नोंदीत, आजही 'चालू पड' आणि 'कायम पड' असे पर्याय असतात, आणि शेताच्या बाबतीत ते बरोबरच आहेत. पण ज्या माळाला कधी नांगर लागला नाही त्याला पडीक म्हटलं, की तिथलं काहीतरी बिघडलंय असं ऐकणाऱ्याला वाटतं. मग तो माळ 'उपयोगात आणायची' घाई सुरू होते. केंद्र सरकार 2000 सालापासून पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, त्यात झुडपी माळही मोडतात. राज्यातल्या वृक्षलागवडीचं उद्दिष्ट 2016 मध्ये 2 कोटींचं होतं, ते 2019 मध्ये 33 कोटींवर गेलं. त्यातले खड्डे माळांवरही पडले. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी लावून माळ हिरवा दिसतो खरा, पण सावलीत कुसळी, शेडा, मारवेल ही गवतं मागे हटतात आणि त्यांच्यावर जगणारंही कमी होतं.

माळढोकाचंच बघा. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि लांबवर नजर जाईल अशीच जागा निवडतो. त्याच्यासाठी 1979 मध्ये सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य जाहीर झालं, 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात शेकडो गावं, शेतं, वाढता ऊस, सगळंच होतं. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. महाराष्ट्रात माळढोक आता जवळपास दिसेनासा झालाय, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रतिसाद २

एक भर. शहरातले वाचक 'माळरान'मधल्या 'रान'चा अर्थ जंगल असा घेतात. आपल्याकडे 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. काळं रान, मुरमाड रान, भिजतं रान, तसंच माळरान. जंगल तुटून माळ उरला, असा अर्थ त्या शब्दात नाही. हिवरे, बोरगाव, बाभूळगाव ही गावांची नावंही विरळ काटेरी झाडांच्या मुलखाचीच आहेत.

प्रतिसाद ३

आमच्या मामांचा वाडा अजून फिरतो, म्हणून लिहितो. धनगरांचा वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री घेऊन एकत्र चालणारी चार-सहा कुटुंबं म्हणजे वाडा. दिवाळीनंतर घाट उतरायचा, पावसाच्या तोंडावर माघारी यायचं. कोकणातला चिखल आणि झड दख्खनी मेंढीला सोसत नाही. म्हणून पावसाळ्यात घरचा माळ लागतोच. त्याला पडीक म्हणणाऱ्यानं श्रावणात येऊन बघावं.

वाटेत शेतात 'मेंढरं बसवतात'. रात्री वाघूर, म्हणजे जाळी, लावून कळप एका तुकड्यात ठेवायचा. सकाळपर्यंत लेंडी-मुताचं खत पडतं. दुसऱ्या रात्री वाघूर शेजारच्या तुकड्यात. शेतकरी त्याबद्दल धान्य नाहीतर पैसे देतो. ज्वारी निघाली की रान मोकळं व्हायचं, तेव्हा हे सोपं होतं. उजनी धरणाचं आणि टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तिथं ऊस आला. शेतकऱ्याचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ऊस बारमाही उभा असतो आणि कडेच्या माळावर तारेचं कुंपण नाहीतर वेडी बाभूळ. वाटा तेवढ्या आखडल्या. मामांची पोरं आता मेंढरांमागं जायला तयार नाहीत.

प्रश्नकर्ता

आभार. आमच्याकडे पाणलोटाची कामं झाल्यापासून माळावर चराईबंदी आहे. तो शब्द वहीत कसा घ्यावा?

प्रतिसाद १

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत चराईबंदी हे एक सूत्र होतं, त्यामुळे हा शब्द घरोघरी पोचला. तिथं गवत वाढलं, ते कापून गोठ्यात नेता आलं, दूध वाढलं. हे मोठं काम आहे. पण गोठा असणाऱ्याला जमलं ते फिरत्या कळपाला जमत नाही. 'बंदी'त कुठलं जनावर, किती आणि कोणत्या महिन्यात, हे काहीच येत नाही. 'माळ राखणे' या बोलण्यात ते येतं : बी पडेपर्यंत बंद, मग मोकळा. 2006 च्या वनहक्क कायद्यातही फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे.

तेव्हा मालकीच्या रकान्यात गायरान आणि जमिनीच्या प्रकारात माळरान लिहा. चराईबंदी कधीपासून आहे आणि ती कुणी ठरवली, तेही नोंदवा. शिवाय बाहेरचे वाडे कोणत्या महिन्यात, कुठल्या वाटेनं येत आणि पाणी कुठं पाजत, हे म्हाताऱ्या मेंढपाळांना विचारून त्यांच्याच शब्दांत उतरवा. गवतांची नावंही तीच माणसं सांगतील.