फोर पर्सन टेंट चौघांना पुरत नाही

तुम्ही चौघांसाठी फोर पर्सन टेंट चालेल का विचारलंय, तर माझं मत सरळ सहाचा घ्या. गाडीनेच जायचंय ना, पाठीवर थोडाच वाहायचाय. फोर पर्सन म्हणजे चौघं खांद्याला खांदा लावून आणि बॅगा बाहेर. आम्ही डिसेंबरात नाशिकहून भंडारदऱ्याला गेलेलो, पहाटे उठलो तर टेंटला आतून थेंब लटकलेले आणि लेकीच्या स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलं, पाऊस नव्हताच, आपल्याच श्वासाची वाफ ती! म्हणून आत जाळी आणि वर वेगळा रेनफ्लाय (पाऊस अडवणारं वरचं कापड) असलेलाच बघा, थंडी असली तरी हवा खेळायची फट उघडी ठेवा.

स्लीपिंग बॅगवर कम्फर्टचा आकडा बघायचा, म्हणजे किती अंशांपर्यंत आरामात झोप लागेल तो, लिमिट किंवा एक्स्ट्रीमचा नाही, एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचेल एवढंच, झोप नाही. आपल्या निफाडला थंडीत पारा 5 अंशांच्या खाली उतरतो, त्यामुळे 0 ते 5 अंश कम्फर्टवाली घेतलेली बरी, उकडलं तर चेन उघडता येते. आणि खाली मॅट हवीच हवी, अंगाखाली बॅगचं भरण दबतं आणि जमिनीचा गारवा थेट पाठीत शिरतो. मुलांना तर आधी मॅट द्या.