नारळ उभा राहतो तेव्हा

बांधावरून:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'तळहातावर नारळ ठेवून बोअरची जागा शोधणाऱ्यांनी खुशाल गुहेत राहावं. तज्ज्ञ कशासाठी आहेत?' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. अहो, तज्ज्ञच आणला होता आम्ही! २०१९ च्या मे महिन्यात. त्यानं रानात खुंट्या ठोकल्या, वायरी पसरल्या, यंत्राचे आकडे वहीत उतरवले आणि सही-शिक्क्याचा कागद दिला. १८० फुटांवर पाणी. ३४० फुटांपर्यंत गेलो, नुसता फुफाटा. आईच्या पाटल्या त्या भोकात गेल्या. फोन केला तर म्हणे, 'शास्त्र शक्यता सांगतं.' मग कागदावर ही शक्यता का नव्हती लिहिली? पुढच्या आठवड्यात नारळावर पाणी शोधणारा पाणाड्या आला. चहा प्यायला, अनवाणी सगळं रान हिंडला, जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला त्याच्या तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला, म्हणजे पाणी तिथे. १९० फुटांवर दीड इंच धारेचं पाणी. आता पाठवा मला गुहेत.

खडकफोड्या:
पाटल्यांचं वाईट वाटलं. पण पाणाड्याचे कोरडे बोअर मोजतं कोण? आमच्या भावकीत एकाच पाणाड्याचे तीन गेले. पारावर त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, 'नशिबात नव्हतं' म्हणून मोकळे. म्हणजे पाणाड्या चुकला की नशीब आणि तज्ज्ञ चुकला की शास्त्रच खोटं! आपला काळा पाषाण पाणी धरत नाही. ते असतं भेगांत, मुरमात, मांजऱ्यात म्हणजे भोकाभोकांच्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात. जमिनीत सोडलेल्या विजेला किती विरोध होतो तेवढंच यंत्र मोजतं. ओल्या थरात विरोध कमी, पण चिकणमातीतही कमीच. तिथेच गल्लत होते. हे त्यानं आधी सांगायला हवं होतं, कबूल. नारळाचं म्हणाल, तर डोळ्यांवर पट्टी बांधून चार चकरा मारा आणि पुन्हा त्याच जागी उभा करून दाखवा. मनगट नकळत हलतं हो.

जुनं_ते_सोनं:
झाडं आणि वारुळं बघून पाणी कसं ओळखावं, हे वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत लिहून ठेवलंय. तेव्हा कुठे होतं तुमचं यंत्र?

खडकफोड्या:
झाडं बघणं हे निरीक्षण झालं. त्यात नारळ कुठून आला?

वाकडी_वाट:
बसा नारळावर भांडत. खरा चोर बोअरगाडीचा एजंट. आमच्याकडे गाडी आली रात्री दोनला. सकाळी बिल ४०० फुटांचं. दोरीला दगड बांधून सोडला तर २८० ला टेकला. 'खाली गाळ बसलाय' म्हणाला!

रानातली_ताई:
आत जाणारे रॉड मोजायचे की, त्यावरूनच खोली कळते. मी खुर्ची टाकून बसते, रॉड आत गेला की एक खडा बाजूला. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, 'ताई, थंडी आहे, आत जा.' तिसऱ्यांदा नाही म्हणाला.

वाकडी_वाट:
सगळ्यांना नसतो रात्रभर खडे मोजायला वेळ.

रानातली_ताई:
मग १२० फुटांचे पैसे द्यायला असतो वाटतं.

नियमावर_बोट:
फुटांचं निघालंच आहे म्हणून सांगतो. २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल बोअर घ्यायला मनाई आहे. म्हणजे साधारण १९७ फूट. ३४० वाले, ४०० वाले, सगळे एकाच गाडीत बसा.

बांधावरून:
कायदा करणाऱ्यांना म्हणावं, एप्रिलात या आणि टँकरमागे हंडा घेऊन पळा.

वाकडी_वाट:
ऊस लावायचा आणि टँकरच्या नावानं रडायचं.

बांधावरून:
माझ्याकडे टिपरूसुद्धा नाही उसाचं, डाळिंब आहे. माहीत नसताना तोंड सोडू नका.

खडकफोड्या:
पाणी जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला लागलं, हे तुम्हीच लिहिलंत. तिथे मी नुसती टोपी भिरकावली असती तरी जागा सापडली असती.

बांधावरून:
मग तुमच्या तज्ज्ञानं का नाही भिरकावली? विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकतं, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. पाणाड्यानं चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या तेच विचारलं.

खडकफोड्या:
...हे मात्र खरं. माठच होता तो. पण पट्टीचं राहिलंच.

बांधावरून:
बांधू. नारळ तुम्ही आणा, नाहीतर म्हणाल शेंडीत काहीतरी लपवलं होतं.