वेगवेगळ्या देशांतली टीम सांभाळायला नेमकं कुठलं इंग्रजी लागतं?

हिंजवडी_फेज_२
पुढच्या महिन्यापासून टीम लीड. पाच जण पुण्यात, तीन स्टुटगार्टला, दोन ओसाकाला आणि क्लायंट अमेरिकन. व्याकरण बरं आहे. ‘सिनर्जी’, ‘अलाइनमेंट’ छापाच्या याद्या नेटवर ढिगानं पडल्यात, त्या नकोत. मुदत देताना, चूक दाखवताना काय लिहायचं ते सांगा.

शब्दांची_पेठ
मोठे शब्द त्रास देत नाहीत, बारके देतात. आपल्या ‘शुक्रवारपर्यंत’मध्ये दोन अर्थ आहेत. इंग्रजीत ‘टिल फ्रायडे’ म्हणजे तोवर चालू ठेवा, ‘बाय फ्रायडे’ म्हणजे त्याच्या आत द्या. जर्मन ‘बिस’सुद्धा दोन्हीकडे चालतो, त्यामुळे स्टुटगार्टवालाही हीच चूक करतो. तुम्हा दोघांना कळतं, अमेरिकन मात्र गोंधळतो. लिहायचं असं: ‘बाय फ्रायडे, १२ जून, ६ पीएम पुणे टाइम’. महिना अक्षरी, कारण ०५/०६ अमेरिकेत ६ मे होतो.

जर्मनी हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेची मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत तिघांचा कॉल हमखास चुकतो.

आणि जर्मन माणसानं ‘इव्हेंच्युअली’ लिहिलं तर उलट विचारा. त्यांच्या ‘इव्हेंटुएल’चा अर्थ ‘कदाचित’, इंग्रजी शब्दाचा ‘शेवटी, उशिरा का होईना’.

चाकण_सेकंड_शिफ्ट
नकारार्थी प्रश्न तर बंदच करा. ‘फाइल पाठवली नाही का?’ याला आपण म्हणतो, ‘हो ना, राहिली.’ जपानीतही ‘हाय’ (म्हणजे ‘हो’) असंच वापरतात. पण ‘हॅवन्ट यू सेंट इट?’ला ‘येस’ म्हटलं की समोरचा समजतो, पाठवली. सरळ विचारा: ‘इज द फाइल सेंट?’

शिवाय ते ‘हाय’ पुष्कळदा नुसतं ‘ऐकतोय’ एवढंच असतं. ‘डू यू अंडरस्टँड?’ला होकारच मिळणार, पुण्यातसुद्धा. त्याऐवजी ‘व्हॉट विल यू स्टार्ट विथ, अँड व्हेन?’ ओसाकाहून ‘इट इज अ लिटल डिफिकल्ट’ आलं तर बहुतेक वेळा ते ‘नाही’च. आपलं ‘बघतो, प्रयत्न करतो’ आठवा. मग विचारायचं, ‘व्हॉट वुड मेक इट पॉसिबल?’

शब्दांची_पेठ
चूक दाखवताना मऊपणाचा अतिरेक नको. ‘यू माइट वॉन्ट टू चेक’ हे जर्मन वाचणाऱ्याला ऐच्छिक वाटू शकतं. आधी काय झालं, मग परिणाम, मग मागणी: ‘थ्री टेस्ट्स फेल्ड धिस मॉर्निंग. द डेमो इज ॲट टू. कॅन यू फिक्स द लॉगिन टेस्ट बाय वन?’ यात ‘यू ऑलवेज’ कुठेही नाही, हे बघा. ओसाकावाल्यांना हेच सगळ्यांसमोर नको, आधी वेगळ्या कॉलवर.

कोड_आणि_कांदाभजी
‘प्लीज रिव्हर्ट’ टाळा. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘उत्तर द्या’, सॉफ्टवेअरमध्ये ‘केलेला बदल मागे घ्या’. एखादा खरंच घेईल! ‘प्लीज रिप्लाय’ लिहा. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे बाहेरच्यांना संशय, म्हणून ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘प्रीपोन’ अमेरिकनाला कळेलच असं नाही. ‘मूव्ह इट अप टू थर्सडे’.

हिंजवडी_फेज_२
आणि मीटिंगच्या नोंदीत ‘वुई विल टेस्ट’ चालेल का?

शब्दांची_पेठ
नाही. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत, इंग्रजीत दोघांना एकच ‘वुई’. पुण्याला वाटतं स्टुटगार्ट करणार, स्टुटगार्टला वाटतं पुणे. एका कामापुढे एकच नाव लिहा.