फिरत्या शिफ्टमध्ये देवासाठी वेळ कसा काढायचा?

शिरोलीकर:
जय ख्रिस्त. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रविवारची उपासना चुकत नाही, पण एरवी देवाची आठवण जेवणाआधीच्या प्रार्थनेपुरतीच. पहाटे ५ चा नेम तिसरी पाळी आली की मोडतो. वर्षभरात बायबल संपवायचा तक्ता लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात अडकलाय. दोन खोल्या, लहान मुलं. काय करावं?

रंकाळा_ताई:
नेम घड्याळाला बांधू नका, उठण्याला बांधा. उठल्यावर मोबाईलला हात लावायच्या आधी १० मिनिटं, मग बाहेर पहाट असो की दुपारचे ३. बायबलमधला दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा प्रार्थनेला गुडघे टेकायचा (दानीएल ६:१०). तुमच्या तीन वेळा म्हणजे उठल्यावर, घराबाहेर पडताना आणि झोपायच्या आधी.

तक्ता सध्या गुंडाळून ठेवा. मार्कचं शुभवर्तमान घ्या, १६ अध्याय आहेत. रोज ८-१० वचनं, एकदा मोठ्यानं, एकदा मनात. मनाला लागेल ती एकच ओळ धरा, तिच्यावरून आपल्या शब्दांत प्रार्थना करा, मग २ मिनिटं गप्प बसा. घोळ इथंच होतो: गप्प बसवत नाही म्हणून लगेच मागण्या सुरू. मागण्या शेवटी. लाइटबिल, हप्ता आठवला तर जवळच्या कागदावर एक शब्द लिहा आणि परत त्या ओळीवर या. बायबल छापील घ्या. मोबाईलवर वाचताना वरून मेसेज टपकला की मनन संपलंच.

मुलांबरोबरची प्रार्थनाही १० मिनिटांच्या वर नेऊ नका. गीताची दोन कडवी, छोटा उतारा, मुलांना एक प्रश्न, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना (येशूनं शिकवलेली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’). वडिलांची प्रार्थना लांबली की मुलं पेंगतात. टीव्ही लावायच्या आधी बसा, नंतर बंद करायला गेलं की रडारड. तुमची दुसरी पाळी असेल तेव्हा वहिनींनी घ्यावी, तुमच्यासाठी खोळंबू नये.

साचेवाला:
ताईंचं पटलं, पण कामाच्या ८ तासांचं काय? बायबलमध्ये नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता; राजानं विचारलं आणि नहेम्यानं उत्तर दिलं, त्या मधल्या क्षणात त्यानं प्रार्थना केली (नहेम्या २:४). तेवढीच लांबी हवी. ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ (लूक १८:१३) हे हातमोजे चढवताना, पंचिंगच्या रांगेत, चहाला जाताना म्हणा. एक वाक्य आणि दोन-तीन ठरलेली कामं पुरे. दहा ठिकाणी जोडायला गेलात तर एकही लक्षात राहणार नाही.

ओतकाम चालू असताना मात्र नाही. लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) हलतंय तेव्हा डोळे आणि डोकं धातूवरच. ते लक्षही देवालाच दिलेलं असतं. आणि शॉपमध्ये कानात इअरफोन घालून भजनं अजिबात नकोत, क्रेनचा भोंगा ऐकू येत नाही.

झोपायच्या आधी येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलानं १६व्या शतकात शिकवलेली पद्धत वापरून बघा. आधी उपकार मानायचे, मग स्वतःकडे नीट बघायला देवाचा प्रकाश मागायचा, पाळीचा तास न् तास आठवायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची, उद्याचं एक काम त्याच्या हाती द्यायचं. ५-७ मिनिटं लागतात. आडवं होऊन करू नका, दुसऱ्या पायरीलाच घोरायला लागाल. आणि उपकार मानणं गाळू नका, नाहीतर रोज रात्री नुसती स्वतःची झाडाझडती होते.

शिरोलीकर:
आणि काहीच जाणवत नसेल तर?

रंकाळा_ताई:
जाणवण्यावर मोजमाप नको. स्तोत्र ८८ मोठ्यानं वाचा. ते अंधारातच संपतं, तरी शास्त्रात आहे. तिसऱ्या पाळीनंतरचा कोरडेपणा पुष्कळदा जागरणाचा असतो. एलीया संदेष्टा खचला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, उठवून खायला दिलं आणि परत झोपू दिलं (१ राजे १९). अशा सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणा, पोहे खा आणि झोपा. १० मिनिटं उठल्यावर.